व्यवसाय विषयांची निवड खुली, पुढची वाट मात्र अरुंद

नवी दिल्ली : नववीत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज विषयांची जी यादी ठेवली जाते, ती त्याच्या पालकांच्या पिढीला अपरिचित आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी (सीबीएसई) संलग्न शाळांत भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांच्या जोडीला किरकोळ विक्री, विपणन, बँकिंग व विमा, पर्यटन, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता असे विषय घेता येतात. अकरावी-बारावीत वित्तीय बाजार व्यवस्थापन, उद्योजकता, व्यवसाय अध्ययन असे पर्याय मिळतात. राज्य मंडळांच्या शाळांतही राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखालील विषयांची भर पडत आहे. यादी लांबत चालली असली, तरी त्यातील विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याचे बारावीनंतर काय होते, या प्रश्नाचे उत्तर अद्याप समाधानकारक नाही.

हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय आणि उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. ती मुदत उलटली आहे. धोरणातील ‘परिचय’ हा शब्द लवचीक आहे. सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दप्तरमुक्त दिवस सुतार, कुंभार किंवा माळी यांच्यासोबत काम करणे हाही परिचयच ठरतो आणि दोन वर्षे बँकिंगचा विषय शिकून परीक्षा देणे हाही परिचयच. त्यामुळे उद्दिष्टपूर्तीचा आकडा कोणताही निघाला, तरी त्यावरून विद्यार्थ्याच्या हाती काय पडले याचा अंदाज येत नाही.

जुने उद्दिष्ट, नवी मुदत

शाळेतच हाताला काम शिकवावे, हा विचार या देशाला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे झालेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९६४ ते १९६६ दरम्यान काम केलेल्या कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर आकडेच ठरवून दिले: उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवायचे. १९९२ मध्ये या मुदती अनुक्रमे १९९५ आणि २००० पर्यंत वाढवण्यात आल्या. त्या वाढीव मुदतीतही उद्दिष्ट गाठले गेले नाही.

या अपयशाची खूण आजच्या मनुष्यबळात दिसते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात उद्धृत केलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांना औपचारिक व्यावसायिक वा तांत्रिक प्रशिक्षण मिळाले होते. आणखी १६.६ टक्के तरुण अनौपचारिक मार्गाने, म्हणजे घरच्या धंद्यात, कामावर किंवा स्वतःच्या प्रयत्नाने शिकले होते. त्याच अहवालाने देशाला दरवर्षी सुमारे ७८.५ लाख बिगरशेती रोजगारांची गरज असल्याचे नमूद केले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या संदर्भात जर्मनीतील ७५ टक्के आणि दक्षिण कोरियातील ९६ टक्के या प्रमाणांचा दाखला दिला आहे. ही तुलना मात्र जपूनच केली पाहिजे. जर्मनीतील तरुण आठवड्याचा बराचसा काळ प्रत्यक्ष आस्थापनेत उमेदवारी करतो, त्याचे विद्यावेतन मिळवतो आणि उरलेला वेळ व्यवसाय शाळेत शिकतो. भारतातील शालेय विषय हा आठवड्यातील काही तासिकांचा असतो. त्याच्या मागे कारखाना, दुकान वा बँक क्वचितच उभी असते. दोन्हींना ‘व्यवसाय शिक्षण’ हेच नाव दिल्याने त्यांचे फळ सारखे येत नाही.

महाराष्ट्राचे दोन अनुभव

एखादा व्यवसाय विषय विद्यार्थ्यांना का हवासा वाटतो आणि दुसरा का नकोसा, याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राने गेल्या चार-पाच दशकांत उच्च माध्यमिक स्तरावर दोन प्रकारचे व्यवसाय अभ्यासक्रम एकाच वेळी चालवले आणि त्यांची वाटचाल परस्परविरुद्ध दिशांनी झाली.

पहिला द्विलक्षी अभ्यासक्रम. यात विद्यार्थी विज्ञान शाखेतच राहतो. द्वितीय भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी तो संगणक विज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा विषय घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित कायम राहत असल्याने अभियांत्रिकीची वाट मोकळी असते. परिणामी मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालयांत या जागांसाठी चुरस असते आणि अकरावी प्रवेशाच्या हंगामात त्यांच्या पात्रता गुणांची चर्चा पालकांमध्ये होते.

दुसरा १९८८-८९ पासून सुरू झालेला किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजेच एमसीव्हीसी. पुढे त्याची पुनर्रचना राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार झाली. तांत्रिक विषयांबरोबरच लेखाशास्त्र व कार्यालय व्यवस्थापन यांसारखे वाणिज्य गटातील अभ्यासक्रमही त्यात होते. आशयाच्या दृष्टीने तो अधिक सखोल, प्रात्यक्षिकांना अधिक वेळ देणारा. तांत्रिक गटातील विद्यार्थ्यांना तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोयही होती. तरीही समाजात त्याची ओळख ‘कमी गुण मिळालेल्यांचा अभ्यासक्रम’ अशीच राहिली. विज्ञानाचे मूळ विषय सुटल्याने त्या शाखेच्या पदवीची वाट जवळपास बंद होत असे आणि पालकांना हे ठाऊक होते.

या दोन अभ्यासक्रमांत फरक श्रमाच्या प्रतिष्ठेचा नव्हता. संगणकाचे प्रात्यक्षिक आणि विद्युत जुळणीचे प्रात्यक्षिक ही दोन्ही हातानेच करण्याची कामे. फरक होता तो विषय घेतल्यावर पुढची दारे उघडी राहतात की बंद होतात, याचा. भारतीय पालक हाताच्या कामाला कमी लेखतात, असे निदान धोरणकर्त्यांकडून वारंवार केले जाते. त्यात तथ्य असले, तरी ते अपुरे आहे. मुलाचे पुढचे पर्याय जपणारा व्यवसाय विषय समोर आला, तेव्हा त्याच पालकांनी त्यासाठी रांगा लावल्या आहेत.

महाराष्ट्राचा आणखी एक अनुभव नोंद घेण्याजोगा आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञान विषयात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि अभियांत्रिकी या क्षेत्रांतील कामे करत. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा हीच त्यांची प्रात्यक्षिके होती. या विषयाला राज्य मंडळाची मान्यता मिळाली आणि पुढे त्याच धर्तीवरील बहुकौशल्य विषय राष्ट्रीय आराखड्यात आला. चौदा वर्षांच्या मुलाला एका ठरावीक नोकरीसाठी घडवण्याऐवजी अनेक कामांची ओळख करून द्यावी, हा या प्रयोगाचा गाभा होता.

सहाव्या विषयाचे गणित

सीबीएसईने कौशल्य विषयांना चालना देण्यासाठी दहावीच्या परीक्षेत एक सोय केली. विद्यार्थ्याने सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेतला आणि तो गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका विषयात अनुत्तीर्ण झाला, तर त्या विषयाच्या जागी उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय धरून निकाल लावला जातो. नापासाचा शिक्का टळत असल्याने असंख्य विद्यार्थ्यांना याचा उपयोग होतो, यात शंका नाही. गुणविभागणीही विद्यार्थ्याला अनुकूल आहे: नववी-दहावीत लेखी परीक्षेला ५० आणि प्रात्यक्षिक व प्रकल्पाला ५० गुण, तर अकरावी-बारावीत हे प्रमाण ६० आणि ४० असे आहे.

मात्र या सोयीने विषयाचे स्थानही निश्चित केले. जो विषय इतर विषयांत घसरल्यास आधाराला येतो, तो राखीव खेळाडू ठरतो. शाळा तो सर्वांना घ्यायला लावतात, पण तासिका मात्र विज्ञान आणि गणिताच्या जादा तासांना दिल्या जातात, अशी तक्रार शिक्षकांकडून अनेकदा ऐकू येते. निवडीतही एक कल दिसतो. माहिती तंत्रज्ञान किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांसारखे संगणकाधारित विषय शाळांना सोयीचे वाटतात, कारण संगणक कक्ष आणि शिक्षक आधीच उपलब्ध असतात. शेती, अन्ननिर्मिती, आरोग्यसेवा यांसारख्या विषयांना स्वतंत्र साहित्य, जागा आणि बाहेरच्या आस्थापनांशी संपर्क लागतो. त्यामुळे यादीत डझनावारी विषय असले, तरी एका शाळेतील विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्षात एक किंवा दोनच पर्याय असतात. समग्र शिक्षा योजनेखालील सरकारी शाळांतही साधारणतः दोनच व्यवसाय विषय दिले जातात. जवळच्या शाळेत सौंदर्यसेवा आणि किरकोळ विक्री एवढेच उपलब्ध असेल, तर त्या मुलीने केलेली निवड ही निवड म्हणावी का, हा प्रश्न उरतोच.

प्रवेशाच्या दाराशी

या साऱ्याची कसोटी बारावीनंतर लागते. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा (सीयूईटी) घेतली जाते. सुरुवातीला या परीक्षेच्या विषयांत लेखाशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन यांच्याबरोबर उद्योजकतेचाही समावेश होता. २०२५ च्या परीक्षेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एकूण विषयांची संख्या ६३ वरून ३७ वर आणली. त्यात विशेष विषय २९ वरून २३ झाले. वगळलेल्या सहा विषयांत उद्योजकता, पर्यटन, फॅशन अध्ययन, विधी अध्ययन, अभियांत्रिकी आरेखन आणि अध्यापन अभियोग्यता यांचा समावेश होता. या विषयांच्या विद्यार्थ्यांनी सामान्य अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर प्रवेश घ्यावा, असा पर्याय देण्यात आला.

परीक्षा सुटसुटीत करण्यामागील प्रशासकीय कारणे समजण्यासारखी आहेत. बारावीत कोणतेही विषय घेतले असले, तरी परीक्षेसाठी अन्य विषय निवडण्याची मुभाही त्याच वेळी देण्यात आली, हेही नमूद केले पाहिजे. तरीही वगळलेल्या विषयांची यादी बोलकी आहे. त्यांतील बहुतेक विषय एखाद्या व्यवसायाशी थेट जोडलेले होते. एका बाजूला शिक्षण मंत्रालय शाळांना उद्योजकता आणि पर्यटन शिकवण्यास सांगते आणि दुसऱ्या बाजूला उच्च शिक्षणाची प्रवेश परीक्षा ते विषय मोजण्याचे थांबवते. उद्योजकतेला दोन वर्षे देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या विषयातील प्रावीण्य प्रवेशासाठी दाखवण्याची जागाच उरत नाही. त्याच्या शेजारच्या बाकावर लेखाशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र ती मिळते.

ही विसंगती नवी नाही. सामायिक परीक्षेपूर्वी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असत, तेव्हाही विद्यापीठाच्या यादीबाहेरचा विषय सरासरीत धरल्यास गुणांची वजावट होई. म्हणजे प्रवेशाची पद्धत बदलली, पण व्यवसाय विषयाकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही.

नोकरीच्या बाजूनेही दार लगेच उघडत नाही. शालेय कौशल्य विषय एखाद्या ‘कार्यभूमिके’शी जोडलेले असतात: दुकानातील साहाय्यक, पर्यटन क्षेत्रातील साहाय्यक, आरोग्यसेवेतील मदतनीस. दहावी उत्तीर्ण होणारा विद्यार्थी १५-१६ वर्षांचा असतो. १८ वर्षांखालील मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास कायद्याची मनाई आहे आणि संघटित क्षेत्रातील बहुतेक आस्थापना सज्ञान उमेदवारच घेतात. त्यामुळे दहावीच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल, ही अपेक्षाच मुळात चुकीच्या पायावर उभी आहे.

दिल्ली आणि तामिळनाडूचे धडे

काही राज्यांनी वेगळी वाट चोखाळली. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम सुरू केला. त्यात परीक्षा नव्हती, गुण नव्हते. उद्योजकांशी संवाद आणि छोटे प्रकल्प यांवर भर होता. २०२१ मध्ये त्याला ‘बिझनेस ब्लास्टर्स’ची जोड मिळाली आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गटाने छोटा व्यवसाय उभारण्यासाठी प्रत्येकी २,००० रुपयांचे बीजभांडवल देण्यात आले. नफा-तोटा, ग्राहक, हिशेब या गोष्टी मुलांनी पुस्तकाबाहेर अनुभवल्या. पंजाबनेही २०२२ मध्ये त्याचे अनुकरण केले. २०२५ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने ‘नीव’ या नावाने उद्योजकतेचा स्वतंत्र कार्यक्रम आणला. उद्योजकता शिकवावी याबद्दल दोन्ही सरकारांत मतभेद नाही, पण नाव, आराखडा आणि श्रेय बदलत राहिले, तर शिक्षकांनी मिळवलेला अनुभव दरवेळी नव्याने उभारावा लागतो. मंडळाच्या अभ्यासक्रमाचा भाग नसलेला कार्यक्रम सरकारच्या आयुष्यापेक्षा जास्त जगत नाही, हा दिल्लीचा धडा आहे.

तामिळनाडूचा धडा अधिक जुना आहे. १९५३ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यात मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ‘कुलकल्वी’, म्हणजे जातीनुसार शिक्षण, अशी तिची संभावना झाली. प्रखर विरोधानंतर राजगोपालाचारी पायउतार झाले आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. ही आठवण त्या राज्यात आजही जिवंत आहे. पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना तामिळनाडू सरकारने नाकारली, तिच्यामागेही हाच संशय होता. त्याच राज्याने २०२२ मध्ये ‘नान मुदल्वन’ हा करिअर मार्गदर्शन आणि कौशल्य कार्यक्रम सुरू केला. म्हणजे त्या राज्याचा आक्षेप कौशल्याला नाही. कोणाच्या मुलांना कोणते कौशल्य शिकवले जाईल, हा तिथला प्रश्न आहे.

हा प्रश्न तामिळनाडूपुरता मर्यादित नाही. महानगरांतील खासगी शाळेतील मूल कौशल्य विषय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता घेते आणि ग्रामीण सरकारी शाळेतील मूल किरकोळ विक्री. मुलींच्या शाळेत सौंदर्यसेवा, मुलांच्या शाळेत वाहन दुरुस्ती. प्रत्येक विषय सन्माननीय आहे. परंतु विषयांची वाटणी विद्यार्थ्याच्या आवडीऐवजी शाळेच्या पिनकोडवरून होऊ लागली, तर विषमता कमी करण्यासाठी आणलेले साधनच तिला अधिक घट्ट करील.

शिकवणार कोण?

व्यवसाय विषयांचा कणा असलेला प्रशिक्षक हा या व्यवस्थेतील सर्वांत अस्थिर घटक आहे. समग्र शिक्षा योजनेचा खर्च केंद्र आणि राज्ये सर्वसाधारणपणे ६०:४० या प्रमाणात उचलतात. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९०:१० आहे. अनेक राज्यांत प्रशिक्षकांची नेमणूक सरकार स्वतः करत नाही. मध्यस्थ संस्थांमार्फत ठरावीक काळासाठी ती होते. अनियमित मानधन आणि सेवेची अनिश्चितता यांविरुद्ध विविध राज्यांत आंदोलने झाली आहेत. हिमाचल प्रदेशात २०२४ च्या अखेरीस व्यवसाय प्रशिक्षकांनी मध्यस्थ कंपन्या हटवण्याच्या मागणीसाठी सिमल्यात धरणे धरले होते.

विज्ञानाचा शिक्षक शाळेचा आणि विपणनाचा प्रशिक्षक कंत्राटदाराचा, हे चित्र विद्यार्थीही पाहतात. कोणता विषय महत्त्वाचा, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पुढील टप्पा

ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात यावर काही उत्तरे आहेत. सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्यासोबतचे काम आणि मानवी सेवा अशा तीन प्रकारांत कामाची विभागणी करून सहावीपासून सर्वांनाच तिन्हींचा अनुभव द्यावा, असे तो सांगतो. एनसीईआरटीची ‘कौशल बोध’ पुस्तके त्याच आधारे आली आहेत. नववी-दहावीत व्यवसाय शिक्षण हा सर्वांसाठीच्या दहा विषयांपैकी एक असावा आणि अकरावी-बारावीत तो विज्ञान किंवा मानव्यविद्यांच्या विषयांबरोबर घेता यावा, अशीही रचना त्यात आहे. पाबळच्या प्रयोगाचे तत्त्व आणि द्विलक्षी अभ्यासक्रमाची लवचीकता यांचा मेळ या रचनेत दिसतो. विषय सर्वांनाच घ्यावा लागला, तर ‘कमी गुणवाल्यांचा विषय’ हा शिक्का पुसला जाण्याची शक्यता आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही कौशल्याचे तास आणि पुस्तकी अभ्यासाचे तास एकाच मापाने मोजण्याची तरतूद केली आहे. वर्षाला १,२०० तासांसाठी ४० श्रेयांक, असे हे माप. ते कागदावर समान आहे. विद्यापीठांच्या प्रवेश नियमांत ते उतरले, तरच त्याला अर्थ येईल.

त्यासाठी तीन गोष्टी शासनाच्या हाती आहेत. बारावीत शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यवसाय विषयाला पदवी प्रवेशात मोजमापाची निश्चित जागा देणे, ही पहिली. प्रशिक्षकाला शाळेच्या आस्थापनेवर आणणे, ही दुसरी. आणि जवळपासच्या शाळांनी कार्यशाळा व प्रशिक्षक सामायिक वापरून प्रत्येक विद्यार्थ्यापुढे किमान चार-पाच खरे पर्याय ठेवणे, ही तिसरी. धोरणातच मांडलेल्या शाळा संकुलांच्या कल्पनेत या तिसऱ्या गोष्टीला वाव आहे. यांपैकी पहिलीला फारसा निधीही लागत नाही. त्यासाठी शालेय शिक्षण विभाग, उच्च शिक्षण विभाग आणि २०१४ पासून स्वतंत्र असलेले कौशल्य विकास मंत्रालय यांनी एकाच विद्यार्थ्याकडे एकत्रितपणे पाहण्याची गरज आहे.

१९८६ च्या धोरणाची मुदत एकदा पुढे ढकलली गेली आणि मग विस्मरणात गेली. २०२५ च्या मुदतीचे तसे होऊ नये, असे वाटत असेल, तर किती शाळांनी विषय सुरू केला याबरोबरच तो विषय घेतलेले विद्यार्थी तीन वर्षांनी कोठे आहेत, याचीही नोंद प्रसिद्ध झाली पाहिजे. नववीत विषयाच्या रकान्यात खूण करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना निर्णयासाठी नेमकी हीच माहिती हवी असते.